मास्तरांची गाडी आणि टेस्टरभाऊंची बादली

सकाळी सहा वाजता टेस्टरभाऊ बादली घेऊन खाली उतरत आणि साडूच्या गाडीला शिव्या देत देत तिच्यासाठी पाणी घालत. वाचण्यात चूक झालेली नाही. गाडी विजेवर चालणारी होती, तिला पाण्याचा थेंबही लागत नव्हता, आणि टेस्टरभाऊ तिचं तोंड बघायलाही तयार नव्हते. तरी रोज सकाळी ते मीटरच्या खोलीमागच्या कर्दळीला बादलीभर पाणी घालत. ते पाणी मुरलं, की मगच भिंतीपलीकडे साडूची, म्हणजे मास्तरांची, गाडी निमूटपणे चार्ज व्हायला लागे.

"घे, ढोस," ते कर्दळीला म्हणत. "तू ढोस आणि त्या डबड्यालाही पाज."

पहिल्या मजल्यावरच्या बाई हे खिडकीतून बघत आणि आत वळून नवऱ्याला म्हणत, "बघा, या वयातही माणूस झाडाशी बोलतो. तुम्ही माझ्याशी तरी बोला."

टेस्टरभाऊ म्हणजे वायरमन. वय चौसष्ट, अंगकाठी विजेच्या खांबासारखी आणि स्वभाव त्या खांबावर लावलेल्या कवटीच्या पाटीसारखा. इतर लोक खिशाला पेन लावतात तसा यांच्या खिशाला टेस्टर. लग्नाच्या फोटोतही तो आहे. फोटोग्राफरनं तो काढून ठेवायला सांगितला, तेव्हा नवरदेव म्हणाले होते, "तुझ्या दिव्याची वायर सोललेली आहे, आधी ती बघ." मुलीच्या सासरी पहिल्यांदा गेले, तर विहीणबाईंनी दिलेलं पाणी हातात तसंच धरून अर्धा तास गीझरखाली उभे राहिले, आणि शेवटी पाणी न पिताच म्हणाले, "मुलीला इथे आंघोळ करू देणार नाही." त्यांनी खरंच तिथल्या तिथे सगळी वायर बदलली. विहीणबाई आजही त्यांना बघितलं की गीझर बंद करतात.

आसपासच्या चार गल्ल्यांत त्यांचं नाव होतं. कुणी नवीन घर घेतलं आणि वायरिंग टेस्टरभाऊंचं आहे असं कळलं, की पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे. "टेस्टरभाऊंचं काम आहे, बघायला नको." हे वाक्य त्यांनी स्वतःच्या कानांनी शेकडो वेळा ऐकलं होतं आणि दर वेळी न ऐकल्यासारखं केलं होतं. न ऐकल्यासारखं करताना त्यांचे कान लाल होत.

"वायरिंग काय, कुणीही करतं हो," ते सांगत. "माणूस कळतो तो अर्थिंगमध्ये."

अर्थिंग म्हणजे काय, हे ते कुणी न विचारता सांगत. वीज म्हणजे घरात शिरलेला बैल. शिरला तर शिरला, पण त्याला बाहेर पडायला मागचं दार उघडं हवं, नाहीतर तो माणसाला शिंगावर घेणार. ते मागचं दार म्हणजे अर्थिंग. आठ फूट खोल खड्डा खणायचा, त्यात पाइप पुरायचा, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं आणि प्रत्येक घरातून एक हिरवी वायर आणून त्या पाइपाला जोडायची. यंत्राच्या अंगावर चुकून वीज उतरली, तर ती माणसाला सोडून त्या वाटेनं जमिनीत जाते. "आठ फूट!" असं म्हणताना ते तर्जनी जमिनीकडे रोखत, आणि ऐकणारा नकळत आपल्या पायांखाली बघे.

आणि ते स्वतः राहत त्या बिल्डिंगचा पाइप तीन फूट होता.

हे जगात फक्त त्यांना ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी बिल्डिंग उभी राहिली तेव्हा खड्डा तीन फुटांवर गेला आणि खाली कातळ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी वीज जोडण्याआधी वीज मंडळाचे साहेब तपासायला येणार होते. ठेकेदार डोक्यावर बसला होता. टेस्टरभाऊंनी करवत घेतली आणि पाइप कापला. साहेब आले, त्यांनी झाकण उघडलं, पाइपचं वरचं तोंड पाहिलं, झाकण बंद केलं आणि सही केली. जमिनीखाली कोण बघतो? "पाऊस झाला की दुसरीकडे नीट खड्डा घेऊ," असं टेस्टरभाऊंनी स्वतःला सांगितलं. पाऊस झाला. लोक राहायला आले, दिवे लागले, कौतुक झालं. पुढच्या पावसात टेस्टरभाऊ स्वतःच तिथे राहायला आले. असे अठ्ठावीस पावसाळे झाले.

पण वायरमन तो वायरमन. जमीन ओली असली की तोकडा पाइपसुद्धा थोडंफार काम करतो, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी झाकणाशेजारी कर्दळ लावली, आणि रोज सकाळी एक बादली. कर्दळ इतकी माजली की तिच्यामागे माणूस लपला असता.

तरी उन्हाळ्यात पंचाईत व्हायचीच. कपडे धुण्याच्या मशीनला ओला हात लागला की बायकांना बारीक झिणझिण येई. पहिली तक्रार आली तेव्हा टेस्टरभाऊंनी छातीठोकपणे सांगितलं, "मशीनला हात लावताना पायात रबरी स्लिपर हवीच. जगभर हाच नियम आहे." तेव्हापासून बिल्डिंगमधल्या बाराही घरांत मशीनपुढे स्लिपरचा एक जोड कायमचा पडलेला असे. नवीन भाडेकरूला किल्लीबरोबर हीच सूचना मिळे. पाहुण्या म्हणून आलेल्या बायका आपापल्या घरी जाऊन सांगत, तिकडचे लोक फार शिस्तीचे आहेत.

स्वतःच्या बायकोला मात्र स्लिपर घालूनही झिणझिण येई, कारण तिची स्लिपर नेहमी ओली असे. तिला त्यांनी सांगितलं, "तुझं बीपी असेल." तिनं तीनदा बीपी तपासून घेतलं. तिन्ही वेळा ते उत्तम निघालं. "मग वय असेल," टेस्टरभाऊ म्हणाले. तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. ती दोन दिवस नीट बोलली नाही, आणि टेस्टरभाऊंनी दोन दिवस कर्दळीला दोन दोन बादल्या घातल्या.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर साडूंनी गाडी आणली.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. भूगोलाचे मास्तर, निवृत्त, आणि बिल्डिंगचे सेक्रेटरी. टेस्टरभाऊ तळमजल्यावर, मास्तर तिसऱ्यावर. "आमच्या बिल्डिंगचं अर्थिंग बघा आणि मग सांगा," असं म्हणून मास्तरांना तिथे आणलं होतं तेही टेस्टरभाऊंनीच, आणि त्या दिवसापासून दोघे एकमेकांना पाण्यात पाहत होते. मास्तर समोरच्या माणसाकडे वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघावं तसं बघत. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, बाक गेले, म्हणून सगळं लक्ष पृथ्वीवर आलं. पृथ्वी तापते आहे, हे ते असं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं आपणच शेगडी पेटवून ठेवून आलो.

गाडी आली त्या दिवशी सगळी बिल्डिंग खाली जमली. मास्तरांनी कळ दाबली. काहीच आवाज झाला नाही. मास्तर विजयी मुद्रेनं म्हणाले, "सुरू झाली!"

"सुरू झाली हे तुम्ही सांगायचं," टेस्टरभाऊ म्हणाले. "ती स्वतःहून काही सांगत नाही का?"

"भाऊ, धूर नाही, आवाज नाही, प्रदूषण नाही."

"मिक्सर आहे म्हणा की चार चाकांचा."

"तुम्हाला नाही कळायचं. नातवंडांना स्वच्छ हवा मिळावी म्हणून करतोय हे. पुढच्या टप्प्यात गच्चीवर सौरपॅनेल लावणार. घरची वीज, घरची गाडी."

"घरची वीज!" टेस्टरभाऊ हसले. "फ्यूज गेला की मेणबत्ती धरून माझ्या दारात येता ते तुम्हीच ना?"

मेहुणी मध्ये पडली. "भाऊजी, पेढ्यासारखं काहीतरी गोड बोला की! गाडी आणलीय आज."

"गोडच बोलतोय. तिखट बोललो असतो तर गाडी परत गेली असती."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसांनी भिंतीवर चार्जर बसवला. पावसाळा नुकताच संपला होता, जमीन ओली होती, दिवा हिरवा लागला. महिना-दीड महिना मास्तर गाडी घेऊन नाक वर करून फिरले. मग ऊन पडायला लागलं आणि एका दुपारी चार्जरचा दिवा लाल झाला. मास्तरांनी पुस्तिका काढून मोठ्यानं वाचलं: लाल दिवा तीनदा लुकलुकल्यास अर्थिंग तपासावे.

"तपासायचं काय त्यात!" मास्तरांच्या मागून पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या. "टेस्टरभाऊंचं काम आहे."

टेस्टरभाऊंच्या डोक्यात पहिल्यांदाच लख्ख प्रकाश पडला. माणसाला झिणझिण येते तेव्हा त्याला बीपी सांगता येतं, वय सांगता येतं. या यंत्राला काही सांगता येत नाही. ते जमिनीत वाकून बघतं आणि लाल डोळा मारतं.

"तपासतो," ते म्हणाले, आणि मागच्या बाजूला जाऊन त्यांनी कर्दळीला तीन बादल्या घातल्या. तासाभरानं दिवा हिरवा झाला.

"काय होतं हो, भाऊ?" मास्तरांनी विचारलं.

"तुमची गाडी नाजूक आहे. सर्दी झाली होती."

त्या दिवसापासून टेस्टरभाऊंच्या नशिबी एक विचित्र नोकरी आली. ज्या गाडीनं रस्त्यात बंद पडावं, खड्ड्यात जावं, मास्तरांची फजिती करावी असं त्यांना मनापासून वाटे, त्याच गाडीला चार्जिंग मिळावं म्हणून ते पहाटे उठत. गाडी अडली की अर्थिंगचं नाव निघणार, आणि अर्थिंगचं नाव निघालं की टेस्टरभाऊंचं जाणार. शत्रूची तब्येत सांभाळणारा असा वैरी दुसरा झाला नसेल.

मधेच ते चार दिवस मुलीकडे गेले. परत आल्याबरोबर कर्दळीला पाणी घालून आले, आणि तासाभरानं मास्तर दारात वही घेऊन उभे. मास्तर प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवत: तापमान, वारा, ढग, आणि आता गाडी.

"भाऊ, हे बघा. सोमवार लाल, मंगळवार लाल, बुधवार लाल, गुरुवार लाल. तुम्ही गावाला होतात ते चार दिवस. आज सकाळी तुम्ही आलात, आणि आता हिरवा. याचा अर्थ काय?"

"विरह," टेस्टरभाऊ म्हणाले. "जीव जडलाय तिचा माझ्यावर."

"थट्टा नको. तुम्ही काहीतरी करता. जाताना काढून ठेवता आणि आल्यावर लावता."

"मी तुमच्या गाडीला हात लावतो असं म्हणायचंय तुम्हाला? मास्तर, मी हिला चिमट्यानंसुद्धा उचलणार नाही!"

"मग हे काय आहे? पस्तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. कारणाशिवाय पानही हलत नाही."

"पस्तीस वर्षं फळ्यावर नद्या काढल्यात तुम्ही. एकीला तरी पाणी आलं का?"

बहिणी बहिणी मधे पडल्या आणि आपापला नवरा आपापल्या घरात ओढून घेऊन गेल्या. पण वहीत त्या चार दिवसांभोवती मास्तरांनी लाल गोल काढला तो काढलाच.

उन्हाळा भरात आला. तीन बादल्यांनी भागेना. चार झाल्या, सहा झाल्या, आठ झाल्या. टेस्टरभाऊंची कंबर धरली, हाताला घट्टे पडले. आणि एका सकाळी नोटीस लागली. खाली सेक्रेटरी म्हणून मास्तरांची ऐटबाज सही.

"सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, उन्हाळ्यात पाण्याची नासाडी हा पृथ्वीवरील अन्याय आहे. सबब शोभेच्या झाडांस दररोज एका मगपेक्षा जास्त पाणी घालू नये. विशेषतः कर्दळीस."

टेस्टरभाऊंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते तसेच बनियनवर तिसऱ्या मजल्यावर.

"कर्दळीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"आठ बादल्या, भाऊ! मोजल्यात मी. वहीत आहेत. एवढ्या पाण्यात चार माणसं आंघोळ करतात."

"मग या खाली आणि बसा कर्दळीत आंघोळीला! साबण मी देतो."

"पर्यावरण म्हणजे नुसती गाडी नाही. पाणीही त्यात येतं."

"मास्तर, मी हात जोडून सांगतो," आणि टेस्टरभाऊंनी हात जोडले नाहीत, मुठी आवळल्या, "ती नोटीस काढा. पस्तावाल."

"धमकी देताय?"

"सल्ला देतोय!"

"सल्ला असा बनियनवर देत नाहीत."

नोटीस राहिली. मास्तर सकाळी सहालाच वही घेऊन खाली खुर्ची टाकून बसू लागले. एक मग. त्यांच्यासमोर एक मग. टेस्टरभाऊ तो मग असा रिकामा करत, की जणू मास्तरांच्या डोक्यावरच ओततायत. तिसऱ्या दिवशी दिवा लाल झाला. चौथ्या दिवशी मास्तरांनी कंपनीला फोन केला, आणि पाचव्या दिवशी कंपनीची बाई आली.

चाळिशीची, उन्हानं रापलेली, हातात पेटी. तिनं चार्जर पाहिला, गाडी पाहिली, आणि मग विचारलं, "अर्थिंग कुठे आहे?"

बिल्डिंगची सगळी माणसं एव्हाना खाली जमली होती. "अर्थिंग बघायला नको," पहिल्या मजल्यावरच्या बाई अभिमानानं म्हणाल्या. "ते टेस्टरभाऊंचं काम आहे."

"मी बघायलाच आलेय," ती म्हणाली.

तिनं कर्दळ बाजूला सारून झाकण उघडलं, जमिनीत थोड्या थोड्या अंतरावर दोन लोखंडी खुंट्या ठोकल्या, वायरी लावल्या, पेटीचं बटण दाबलं. टेस्टरभाऊ भिंतीला टेकून उभे होते. त्यांना तो आकडा न बघताही माहीत होता. गेली अठ्ठावीस वर्षं उन्हाळ्यात त्यांना तो झोपेत दिसत होता.

"बावन्न," ती म्हणाली.

"चांगलं की वाईट?" मास्तरांनी विचारलं.

"वीज जमिनीत जाताना किती अडते त्याचा आकडा आहे हा. पाचाच्या आत हवा. गाडी शहाणी आहे तुमची. अशा ठिकाणी मीसुद्धा चार्ज झाले नसते."

सगळ्या माना हळूहळू टेस्टरभाऊंकडे वळल्या. कंपनीच्या बाईनं हे बघितलं. तीही याच धंद्यातली होती, तिला त्या म्हाताऱ्या वायरमनचं तोंड कळलं असावं. आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, "बिल्डिंगला किती वर्षं म्हणालात? अठ्ठावीस? मग पाइप गंजून संपला असेल खाली. होतं असं. यात कुणाचा दोष नाही."

टेस्टरभाऊंच्या जिवात जीव आला. गंजला! लोखंड गंजतं. त्याला माणूस काय करणार? मास्तरांच्या चेहऱ्यावर निराशा पसरली, ती पाहून तर टेस्टरभाऊंना आणखीच बरं वाटलं. पहिल्या मजल्यावरच्या बाई लगेच म्हणाल्या, "तरीच! टेस्टरभाऊंचं काम असं नाही." आता फक्त मान हलवायची होती. नाव वाचलं होतं.

तेवढ्यात त्यांची बायको पुढे आली. हात साबणाचे, पायात ओली स्लिपर. "बाई, एक विचारू? ही मशीनची झिणझिण असते, ती या गंजानंच का?"

"कसली झिणझिण?"

"अशीच. बारीक. बोटापासून कोपरापर्यंत येते."

"मला पण," दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंचा आवाज. "आमच्याकडे गीझरला," आणखी एक. "म्हणून तर आम्ही स्लिपर घालतो," पहिल्या मजल्यावरच्या बाई समजावून सांगू लागल्या, जणू ही बिल्डिंगची खास परंपरा.

कंपनीच्या बाईनं पेटी खाली ठेवली. तिचा चेहरा बदलला होता. "केव्हापासून येते?"

"पहिल्यापासून," टेस्टरभाऊंची बायको म्हणाली. "राहायला आलो तेव्हापासून." आणि मग ती थोडी ओशाळून हसली. "मला वाटायचं माझ्याच अंगात काहीतरी आहे. हे म्हणायचे बीपी असेल. तीनदा तपासलं हो मी. डॉक्टर कंटाळले, म्हणाले उगाच येता तुम्ही. मी पुढे कुणाला बोललेच नाही."

परक्या बाईपुढे ती आपल्याच शरीराबद्दल माफी मागत होती. टेस्टरभाऊंनी आयुष्यात चारदा जबर शॉक खाल्ला होता. त्यातला एकही असा बसला नव्हता.

"पहिल्यापासून येत असेल तर..." कंपनीची बाई म्हणाली, "तेव्हा तर पाइप नवा होता."

"गंजलेला नाही तो," टेस्टरभाऊ म्हणाले.

"काय?"

"कापलेला आहे. तीन फूट आहे. खाली कातळ लागला म्हणून कापला."

"कुणी कापला?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या आजोबांनी! मी कापला, मास्तर, मी! दुसरं कोण होतं इथे?"

पुढचं सगळं तिथल्या तिथे, भर उन्हात झालं. पहिल्या मजल्यावरच्या बाई आधी पांढऱ्या पडल्या, मग लाल झाल्या. "आणि झाडाशी बोलतो म्हणून मी यांचं उदाहरण देत होते! अहो, पंधरा वर्षं ऐकवलं मी माझ्या नवऱ्याला!" त्यांचा नवरा मागून पहिल्यांदाच खणखणीत आवाजात म्हणाला, "बघ." दुसऱ्या मजल्यावरच्यांनी विचारलं, की आमचं लहान मूल चिकटलं असतं तर? टेस्टरभाऊंनी वाकून उघडं झाकण परत लावलं. बायको वळून घरात गेली.

नवीन अर्थिंग होईपर्यंत मशीन आणि गीझर बंद, असं कंपनीची बाई लिहून देऊन गेली. नऊ दिवस बारा घरांनी हातानं कपडे धुतले, आणि प्रत्येक कपडा टेस्टरभाऊंच्या खिडकीच्या दिशेनं झटकला.

नवा खड्डा फाटकाजवळ घेतला, जिथे माती होती. दोन मजूर होते, पण शेवटचे तीन फूट टेस्टरभाऊ स्वतः खाली उतरले. वर मास्तर, खुर्ची, हातात मोजपट्टी.

"साडेसात झाले, भाऊ."

"दिसतंय मला."

"आठ म्हणजे आठ."

"पट्टी नीट धरा. वाकडी धरून विद्यार्थी नापास केले असतील तुम्ही."

"तुमच्यासारखे असतील तर केले असतील."

आकडा आला तीन. चार्जरचा दिवा हिरवा झाला तो हिरवाच राहिला. झिणझिण बंद झाली.

आणि टेस्टरभाऊंचं कामही बंद झालं. बातमी चारही गल्ल्यांत फिरली. आता बिल्डिंगमध्ये होल्डर जरी बदलायचा असला, तरी पलीकडच्या चौकातला वायरमन येई. टेस्टरभाऊंच्या दारावरून त्याची शिडी जाई. ते दारात खुर्ची टाकून बसत, खिशात टेस्टर, आणि शिडीकडे बघायचं नाही असं ठरवून शिडीकडेच बघत. "कुठे चाललायस?" असं विचारायचा हक्कही राहिला नव्हता. घरात बायको त्यांच्याशी थेट बोलत नसे. बहीण आली की तिच्यामार्फत बोले. "सांग तुझ्या भाऊजींना, भाजी संपली." मेहुणी म्हणे, "भाऊजी, भाजी संपली." टेस्टरभाऊ म्हणत, "सांग तुझ्या ताईला, आणतो." बहीण नसे त्या दिवशी भाजी संपलेलीच राही.

महिना असा गेला. मग मास्तरांच्या सौरपॅनेलचं सामान आलं. पलीकडच्या चौकातला वायरमन गच्चीवर चढला. दुपारी मास्तर खाली आले आणि टेस्टरभाऊंच्या दारात उभे राहिले.

"वर चला."

"मी? कशाला?"

"तो काय करतोय ते मला कळत नाही. तुम्ही उभे राहून बघा."

"तुमचा वायरमन आहे. विश्वास ठेवा."

"एकदा ठेवला होता," मास्तर म्हणाले. "आता नाही ठेवणार. म्हणून तर तुमच्याकडे आलोय. कुठे कापतात ते तुम्हाला माहीत आहे."

टेस्टरभाऊंच्या कानशिलात कुणी लगावली असती तरी एवढं लागलं नसतं. ते ताडकन उठले. मास्तरांना काय काय बोलायचं ते जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एक एक करत जुळवत ते गच्चीवर पोचले, आणि समोरचं काम बघून सगळं विसरले.

काम देखणं होतं. पॅनेलं एका रेषेत, पाइप ओळंब्यानं सरळ, क्लिपा सारख्या अंतरावर. पंचविशी-तिशीतला तो वायरमन कानाला फोन लावून उभा होता. टेस्टरभाऊंनी एक फेरी मारली. दुसरी मारली. पॅनेलांच्या लोखंडी सांगाड्यातून हिरवी वायर निघत होती आणि भिंतीवरच्या पाइपात शिरत होती. खाली, नव्या खड्ड्याशी, पाइपातून हिरवी वायर बाहेर आलेली त्यांनी सकाळीच पाहिली होती. सगळं बरोबर. त्यांनी दोन बोटांत वरची वायर धरली आणि ओढली.

चार मजल्यांची वायर अशी सहज येत नाही. ही आली. वीतभर होती.

"हे काय आहे?"

वायरमननं फोन खाली घेतला. "ते होय? ती नंतर ओढणार आहे. मधली वायर संपली. आज तपासायला येणारेत ना, म्हणून तोंडं लावून ठेवली. उद्या ओढतो."

"उद्या," टेस्टरभाऊ म्हणाले.

"हो, उद्या. नाहीतर पाऊस झाल्यावर."

"पाऊस झाल्यावर केव्हा ते मी सांगतो!" टेस्टरभाऊंचा आवाज असा चढला, की खालच्या फाटकापर्यंत माना वर झाल्या. "अठ्ठावीस वर्षांनी! काढ सगळे पाइप! सगळे! आधी वायर, मग तुझा फोन!"

"ओ आजोबा, तुमचा काय संबंध?" वायरमनही पेटला. "मास्तर, हे कोण? काम तुम्ही दिलंय की यांनी?"

मास्तरांनी तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी दोरीवरच्या चादरींमागून टेस्टरभाऊंची बायको बाहेर आली. ती सुकलेले कपडे काढायला वर आली होती आणि खांद्यावर चादर टाकून सगळं ऐकत उभी होती.

"आमच्या बिल्डिंगचा पाइप ज्यांनी कापला ना, ते हे," ती वायरमनला म्हणाली. "त्यांच्यापासून लपवू नकोस, लपणार नाही. ते म्हणतायत तसं कर."

वायरमननं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा टेस्टरभाऊंच्या हातातल्या वीतभर वायरीकडे, आणि पकड शोधायला पेटीत हात घातला.

बायकोनं चादरीची घडी घातली. नवऱ्याकडे न बघता, पण कुणालाही मध्ये न घालता ती म्हणाली, "आणि तुम्ही उन्हात उभे राहून ओरडू नका. टाकीच्या सावलीत उभे राहून ओरडा."

टेस्टरभाऊ टाकीच्या सावलीत गेले आणि ओरडू लागले.